व्यायामाचं शटर रोज वेळेवर कसं उघडायचं?



ट्रेनिंग संपलं, चहा सुरू झाला की हमखास कोणीतरी बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "सर, धंद्याचं जमतंय हो, पण व्यायामाचं काही जमत नाही. चार दिवस जोरात होतं, मग बंद. मोटिव्हेशनच टिकत नाही. काय करू?"

मी उलटा प्रश्न विचारतो. आज सकाळी दुकानाचं शटर उघडलंत, तेव्हा मोटिव्हेशन होतं का?

नव्हतं ना? डोळ्यावर झोप होती, पाऊस होता, काल रात्री पेमेंटवरून पार्टीशी वाद झाला होता. तरी शटर उघडलंत. कारण वेळ झाली होती. आजचा सगळा विषय एवढाच आहे, मित्रांनो. शटर मूडवर उघडत नाही, वेळेवर उघडतं. व्यायामाचंही तसंच करायचं. कसं, ते आता नीट बघू.

आधी माझा हिशोब

ट्रेनिंगमध्ये येण्याआधी माझं मनोरला मस्तान नाक्याजवळ पॅकिंग मटेरियलचं छोटं दुकान होतं. मी, एक पोऱ्या आणि एक टेम्पो. एका सकाळी टेम्पोतून बॉक्सचा गठ्ठा उतरवताना कंबर धरली ती धरलीच. 22 दिवस दुकान बंद. नोकरी असती तर सिक लीव्ह टाकली असती. पण आपल्या धंद्यात मालक आडवा झाला की धंदाच आडवा होतो. त्या 22 दिवसांत तीन कायमच्या पार्ट्या दुसरीकडे गेल्या. त्यातली एकच परत आली.

तुमचाही हिशोब मांडा. धरा, गाळ्याचं भाडं महिना 9,000, म्हणजे दिवसाला 300. पोऱ्याचा पगार दिवसाला 400. तुमची रोजची निव्वळ कमाई 1,000. म्हणजे दुकान बंद राहिलं तर एका दिवसाला 1,700 रुपये. गुणिले 22, म्हणजे 37,400. औषधपाणी वेगळं, आणि गेलेल्या गिऱ्हाइकाची तर वहीत नोंदच होत नाही. मशीनचं सर्व्हिसिंग चुकवत नाही आपण, कारण बंद मशीनचा खर्च माहीत असतो. पण धंद्यातलं सगळ्यात महागडं मशीन तुम्ही स्वतः आहात.

पैसे भरले म्हणजे सवय लागत नाही

बरा झाल्यावर मी काय केलं? जोशात जिमची वर्षाची फी भरली. 9,000 रुपये. म्हटलं, पैसे गेलेत म्हणजे जावंच लागेल. वर्षभरात गेलो किती वेळा? 14. एका फेरीला 640 रुपयांच्या वर पडले! चूक जिमची नव्हती, माझीच होती.

नंतर कळलं, हा वेडेपणा करणारा मी एकटा नाही. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि 2006 मध्ये त्यावर पेपर लिहिला. महिन्याची फी भरणाऱ्यांना एक फेरी सरासरी 17 डॉलरच्या वर पडत होती. त्याच क्लबमध्ये दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर फेरी 10 डॉलरला पडली असती. म्हणजे लोक स्वतःच्या भविष्यातल्या जोशाचे ॲडव्हान्स पैसे भरतात. आपण नवीन धंद्यात पहिल्याच महिन्यात गोडाऊन भरून माल उचलतो ना, अगदी तसंच.

औंधचे राजे आणि सहा फुटांची जागा

मग टिकतं काय? आपल्याच महाराष्ट्रातलं एक उदाहरण देतो, आणि त्याचं धंद्याशीही नातं आहे.

सातारा जिल्ह्यात औंध नावाचं छोटं संस्थान होतं. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातला कारखाना हलवावा लागला, तेव्हा कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर जागा दिली ती याच राजांनी. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हे भवानराव व्यायामाचे पक्के. आधी ते युजेन सँडो या प्रसिद्ध पहिलवानाच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग ते सुटलं नाही. स्वतः रोज करत, घरच्यांकडून करून घेत, संस्थानाच्या शाळांतही त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. 1938 मध्ये लंडनमध्ये त्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं.

राजा माणूस, हवं ते सामान आणू शकत होता. पण आयुष्यभर टिकलं ते काय? ज्याला सामान लागत नाही, फी लागत नाही, एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा पुरते, ते. गाळ्याच्या मागे, काउंटर आणि रॅकच्या मध्ये, एवढी जागा तुमच्याकडेही आहे.

21 दिवसांच्या मागे लागू नका

"21 दिवस करा, सवय लागते" हे तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना एकेक नवीन सवय लावायला सांगून 12 आठवडे बघितलं. गोष्ट आपोआप व्हायला लागायला साधारण 66 दिवस लागतात असं त्यात निघालं. कोणाला 18, तर कोणाचा अंदाज थेट 254 दिवसांपर्यंत. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला.

म्हणजे 22 व्या दिवशीही कंटाळा आला तर तुम्ही आळशी नाही. तुमचं गिऱ्हाईक अजून बसायचंय, एवढंच. नवीन दुकान 21 दिवसांत चालतं का कधी?

आता कामाचं बोलू: पाच नियम

1. घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत नोकरी करून बाजूने धंदा उभा करणारे तुमच्यात खूप आहेत. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट. त्यांनी "रोज सकाळी सहाला" ठरवलं की दुसऱ्याच आठवड्यात मोडतं. त्याऐवजी असं ठरवा: "झोपून उठलो, तोंड धुतलं, की चहाच्या आधी." शिफ्ट कोणतीही असो, चहा तर होतोच! दुकानवाल्यांनी ठरवावं: "शटर अर्धं वर केलं, झाडू मारला, अगरबत्ती लावली, की तीन नमस्कार, मग शटर पूर्ण वर." जुन्या सवयीला नवीन सवय जोडायची.

2. छोटा माल भरा. पहिले दोन आठवडे फक्त पाच मिनिटं. तीन सूर्यनमस्कार किंवा पाच मिनिटं चालणं. हसू येतंय? येऊ दे. कमी भांडवलात दुकान सुरू करतो आणि नफ्यातून वाढवतो, तसंच आहे हे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. 150 म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तिथे पोचायचंच आहे, पण पहिल्या दिवशी नाही. आधी दुकान रोज उघडायला लागू दे, माल नंतर वाढवू.

इथे कोणीतरी म्हणेल, "सर, आम्ही दिवसभर पळतो, तोच व्यायाम." तुम्ही खरंच गोण्या उचलत असाल, पायी फिरत असाल, तर ते धरलं जातं. पण प्रामाणिकपणे सांगा. तुम्ही पळता, की तुमची बाईक पळते?

3. पावसाळ्याचा प्लॅन आधी करा. आपल्या पालघर जिल्ह्यात जून ते सप्टेंबर चालायला जाणं म्हणजे नशिबाचा खेळ. आणि पाऊस नसला तरी मनोरच्या हायवेवर पहाटेच्या अंधारात ट्रेलरच्या बाजूने पळायला जाऊ नका. शाळेचं मैदान, गावातला आतला रस्ता शोधा. आणि आत्ताच ठरवून ठेवा: "पाऊस असला तर घरात नमस्कार." सणासुदीला, सीझनला गर्दी असली तर फक्त तीन नमस्कार. ऑफ सीझनला धंदा कमी होतो, पण आपण दुकान विकत नाही ना?

4. एक दिवस बुडाला तर चालेल, सलग दोन नाही. लॅलींच्या त्याच अभ्यासात दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवयीचं विशेष नुकसान झालं नाही. नुकसान कुठे होतं? "आता चुकलंच आहे, तर एक तारखेपासून बघू" इथे. लग्न असतं, बंद असतो, गावाला जावं लागतं. एक दिवस दुकान बंद राहतं. दुसऱ्या दिवशी आपण "आता पुढच्या महिन्यापासून उघडू" म्हणतो का? उघडतो आणि कामाला लागतो.

5. खातं लिहा. भिंतीवर कालनिर्णय असतंच. व्यायाम झाला की त्या तारखेवर पेनाने टिक. ॲप नको, घड्याळ नको. आणि शेजारच्या दुकानदाराला सांगून ठेवा. मला शेजारचा पंक्चरवाला रोज विचारायचा, "काय सर, आज झालं का?" त्याला नाही म्हणायची लाज वाटायची, म्हणून किती तरी सकाळी मी उठलोय!

एक महत्त्वाचं. बीपी, शुगर, हृदयाचा किंवा कंबरेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग सुरू करा. नमस्कारात वाकणं असतं. काहींना चालणंच बरं. करताना छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा.

आणि बक्षीस?

दोन महिने टिकवलंत तर स्वतःला बोनस द्या. माझा बोनस अशेरीगड. मनोरहून हायवेने जवळच आहे. वरचा टप्पा कातळाचा आहे, म्हणून पावसाळा टाळून जा आणि सोबत कोणीतरी घ्या. ज्या कंबरेने मला 22 दिवस झोपवलं होतं, ती घेऊन मी पहिल्यांदा वर पोचलो, त्या दिवशी खाली हायवेकडे बघत बराच वेळ बसलो होतो. त्या दिवशीचा गल्ला किती झाला आठवत नाही, पण ती सकाळ आठवते.

आजचं काम

वही घ्या आणि एकच वाक्य लिहा: "मी रोज ______ झाल्यावर ______ करणार." पहिल्या जागी रोज होणारं काम, दुसऱ्या जागी पाच मिनिटांत संपेल असा व्यायाम. ते वाक्य गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा.

उद्या सकाळी मूड नसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. मूडला विचारायचंच नाही. शटर उघडताना कुठे विचारतो आपण?

चला तर मग, कामाला लागा. धंदाही सांभाळा आणि धंदा करणाऱ्यालाही. भेटू पुढच्या व्हिडिओत.