पायपेटीचा श्वास

चर्चमध्ये गायकवृंदाच्या माडीवर, जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेली पायपेटी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आजोबांच्या काळी तिच्या सुरावर सारा गाव मिस्साची गीते गात असे. पुढे एक पट्टी मुकी झाली, दुसरी अडकून बसली, पाय मारता मारता वाजविणाऱ्याला धाप लागू लागली. आणि एके दिवशी ‘पेटी गेली’ असे म्हणून तिच्यावर मेणबत्त्यांची खोकी रचण्यात आली. शेजारी विजेवर चालणारा कीबोर्ड आला. त्याच्याशी आमचे भांडण नाही. परंतु ‘गेली’ असे समजून अडगळीत टाकलेल्या कित्येक पेट्या खरोखर गेलेल्या नसतात. त्यांचा दम तेवढा तुटलेला असतो. त्यांना बहुधा नव्या सुरांची नव्हे, तर शहाण्या आणि सबुरीच्या हाताची गरज असते.

ह्या वाद्याचे कूळ युरोपातील. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ ह्या कारागिराने आपल्या वाद्याला ‘हार्मोनियम’ हे नाव दिले. नळ्यांचा मोठा ऑर्गन लहान चर्चला परवडत नसे. त्याची उणीव ह्या पेटीने भरून काढली. पुढे अमेरिकेतही असे ऑर्गन मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. बॉस्टन येथील मेसन अँड हॅम्लिन ही १८५४ साली स्थापन झालेली कंपनी त्यांसाठी नावाजलेली होती. आपल्याकडे हे वाद्य चर्चपुरते राहिले नाही. बालगंधर्वांच्या नाट्यपदांना ऑर्गनची साथ असे, आणि पेडण्याच्या बाजूला जत्रेच्या रात्री रंगणाऱ्या दशावतारी खेळात मृदंग व झांजेबरोबर पायपेटीचा सूर असतो. गाव एक, पेटी एक. फक्त तिच्यावर उमटणारी गाणी वेगळी.

आता तिचे पोट उघडून पाहू. पाय दाबला की नवारीच्या पट्ट्याने भाता ओढला जातो. दबँच्या पद्धतीच्या पेटीत भाता हवा दाबून बाहेर लोटतो. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये क्रिया उलट असते: भाता आतील हवा उपसून टाकतो आणि बाहेरची हवा सुरांतून आत धावते. बोटाने पट्टी दाबली की खालची लहानशी झडप उघडते, हवेला वाट मिळते, आणि तिच्या झोताने पितळी पत्ती थरथरू लागते. ह्या पत्तीलाच आपले कारागीर सूर म्हणतात. गुडघ्याने ढकलावयाच्या तरफेने आवाज लहानमोठा करता येतो. अमेरिकन ऑर्गन बाहेरची हवा आत ओढीत असल्यामुळे तिच्याबरोबर चर्चमधील धूळही तो आत घेतो. त्याचे पुष्कळसे आजार येथूनच सुरू होतात.

दुरुस्तीचा पहिला नियम असा: आधी श्वास, मग झडपा, आणि सर्वांत शेवटी सूर. वाजविणाऱ्याला धाप लागत असेल तर सुरांना हात लावू नये. एकही पट्टी न दाबता पाय मारून भात्याला पूर्ण ताण द्यावा व थांबावे. निरोगी भाता बराच वेळ तग धरतो. काही क्षणांतच तो ढिला पडला, तर हवा कोठून तरी झिरपत आहे हे निश्चित. घडीच्या कोपऱ्यावर फाटलेले कापड, उंदराने कुरतडलेले कातडे किंवा तुटलेला पट्टा, ह्यांपैकी एखादे कारण बहुधा सापडतेच. कापड वा कातडे पुन्हा बसविताना जुन्या पद्धतीचा सरसच वापरावा. उष्णतेने तो सुटतो, म्हणून पुढच्या कारागिराला लाकूड न फोडता काम करता येते.

एखादा सूर पट्टी न दाबताच वाजत राहिला, तर त्याच्या झडपेखाली कचरा अडकला आहे, बनात कसरीने खाल्ली आहे, किंवा स्प्रिंग थकली आहे असे समजावे. पट्टी अडकत असेल तर आधी दिनदर्शिका पाहावी! पणजीसारख्या मांडवीकाठच्या गावात काय किंवा डिचोलीच्या डोंगराळ भागात काय, आषाढ-श्रावणात लाकूड ओल पिऊन फुगते आणि शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासतात. अशा वेळी घाईने रंधा किंवा कानस फिरविली, तर हिवाळ्यात लाकूड आटल्यावर त्याच पट्ट्या खुळखुळू लागतात. पावसाने केलेला दोष पुष्कळदा कोरड्या हवेतच नाहीसा होतो.

मुक्या सुराचे कारण बहुतेक वेळा एखादा धुळीचा कण असतो. सूर आकड्याने अलगद बाहेर ओढावा, उजेडाकडे धरून पत्तीची फट पाहावी, आणि मऊ कोरड्या कुंचल्याने मुळाकडून टोकाकडे झटकावा. तेल कदापि लावू नये. काढलेल्या प्रत्येक सुराची जागा कागदावर लिहून ठेवावी; दोन सुरांची अदलाबदल झाली तर सारा सप्तक बिघडतो.

सर्वांत नाजूक काम सूर मिळविण्याचे. पत्ती टोकाकडे खरवडली तर सूर चढतो. मुळाकडे खरवडली तर उतरतो. हे ज्ञान सोपे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. एकदा गेलेले पितळ परत येत नाही. शिवाय चांगला चालणारा सूर अचानक उतरला, तर पत्तीला बारीक चीर पडली असण्याचा संभव असतो. तिच्यावर कानस फिरविणे म्हणजे तिचा शेवट लवकर ओढवून घेणे होय. धूळ काढल्यानंतरही सूर बेसूर राहिला, तर तो जाणत्या कारागिराच्याच हाती द्यावा.

ह्या सगळ्या कामाला योग्य वेळ कोणती? पाऊस ओसरून हवा कोरडी होऊ लागली की पेटी उघडावी. २२ नोव्हेंबरला संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण येतो. ८ डिसेंबरला पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेचे फेस्त, आणि पाठोपाठ नाताळ. त्याआधी दोन-चार आठवडे हाताशी मिळतात. वर्षभर पेटी भिंतीपासून थोडी दूर ठेवावी, झुरळे व उंदीर ह्यांचा बंदोबस्त करावा, आणि आठवड्यातून एकदा तरी ती वाजवावी. न वापरलेला भाता लवकर ताठरतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात नळ्यांच्या ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि उपासनेस साजेशा इतर वाद्यांनाही वाव दिला. तेव्हा पायपेटीला चर्चमध्ये जागा आहेच. तिला सांभाळणारे हात मात्र कमी होत आहेत. गावातला एखादा म्हातारा पेटीवाला, मग तो गायकवृंदातील असो की दशावतारी मेळातील, अजून हे काम जाणत असेल. येत्या नोव्हेंबरात पेटी उघडाल तेव्हा त्याला बोलवा, आणि एखाद्या चुणचुणीत मुलाला त्याच्या शेजारी दिवा धरून बसवा. पेटीचा श्वास परत येईलच. शिवाय तो राखण्याची विद्याही एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाईल.