आलिशान मोटार आणि कोकणची दमट हवा

मर्सिडीज-बेंझच्या मोटारींची जुळणी पुण्यात सुरू झाली ती १९९५ साली. पुढे २००९ मध्ये या कंपनीचा कारखाना चाकणला उभा राहिला. ऑडीच्या गाड्या आजच्या छत्रपती संभाजीनगरात जोडल्या जाऊ लागल्या आणि एकेकाळी केवळ मुंबईच्या मलबार हिलवर दिसणाऱ्या मोटारी जिल्ह्याच्या गावांतही दिसू लागल्या. रत्नागिरीही त्याला अपवाद नाही. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांत आता अशा मोटारींचीही भर पडली आहे. काही जण तर गावच्या घरी एक गाडी कायमचीच ठेवतात.

मात्र गाडी कितीही महाग असली तरी हवामान तिची किंमत पाहत नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, समुद्रावरून येणारा खारा वारा, जांभ्याची तांबडी धूळ आणि गावाबाहेर पडताच लागणारे घाट या चार गोष्टींचा विचार करूनच येथे गाडीची निगा राखावी लागते. त्यातही एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अशा गाड्या धावून जितक्या बिघडतात, त्याहून अधिक त्या नुसत्या उभ्या राहून बिघडतात.

बॅटरी : पहिला बळी

आधुनिक आलिशान मोटारीत अनेक लहानमोठे संगणक असतात. गाडी कुलूपबंद असतानाही त्यांपैकी काही जागे राहतात आणि थोडी थोडी वीज घेत असतात. गाडी तीन-चार आठवडे जागची हलली नाही, तर बॅटरी उतरते. गंमत अशी की, बॅटरीचा दाब घसरला की बिघाड भलतीकडेच दिसू लागतो. कधी गिअरबॉक्सचा इशारा येतो, कधी सस्पेन्शनचा, तर कधी स्टिअरिंगचा. मालक घाबरून मोठ्या दुरुस्तीची तयारी करतो आणि दोष निघतो तो बॅटरीचा. म्हणून एकाच वेळी अनेक दिवे लागले, तर सर्वप्रथम बॅटरीच तपासून घ्यावी. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब साधारणपणे १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक असतो. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर भार जपणारा चार्जर जोडून ठेवणे उत्तम. बॅटरी बदलताना ती त्याच प्रकारची असावी आणि अनेक गाड्यांमध्ये नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने गाडीच्या संगणकात करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

ब्रेक ऑइल आणि आंबा घाट

रत्नागिरीकरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, पण सर्वाधिक दुर्लक्षित द्रव म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावरचा त्याचा प्रमाणित किमान उत्कलनबिंदू अवघा १५५ अंश आहे. आंबा घाट उतरताना दोन टनांची गाडी सतत ब्रेकवर रोखून धरली, तर चाकाजवळचे ऑइल तापून उकळू लागते. त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडते. गाडी थांबवायला नेमका हवा असतो तेव्हाच ब्रेक दगा देतो. म्हणून किलोमीटर कितीही कमी झाले असोत, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललेच पाहिजे. घाट उतरताना गिअर हाताने खालच्या क्रमांकावर आणून इंजिनाकडूनच वेग रोखून घ्यावा.

दमट हवेत उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. चार-दोनदा ब्रेक दाबल्यावर तो निघून जातो. मात्र पार्किंग ब्रेक लावून गाडी महिनाभर सोडली, तर पॅड डिस्कला चिकटू शकतात. त्यापेक्षा गाडी सपाट जागी उभी करून, गिअर ‘पी’वर ठेवून चाकांना दगड लावावेत.

छपराची नळी आणि इंजिनातील पाणी

सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आंब्याची पाने, मोहोर आणि माती यांनी त्या तुंबल्या की पावसाचे पाणी आत उतरते आणि कार्पेटखालच्या वायरिंगपर्यंत व संगणकापर्यंत पोहोचते. मे महिन्याच्या अखेरीस या नळ्या मोकळ्या करून घेणे, हा कोकणातील गाडीचा खरा पावसाळी संस्कार होय. आंब्याखाली गाडी लावण्याचा मोह मोहोराच्या दिवसांत तरी टाळावा. मोहोरावरील तुडतुड्यांचा चिकट स्राव रंगावर पडून राहिला, तर डाग पडतात.

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या महापुरात असंख्य गाड्या बुडाल्या. अशा वेळी सर्वांत मोठी चूक म्हणजे पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहणे. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले असेल, तर पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. असे नुकसान नेहमीच्या विम्यात सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. ती आपल्या पॉलिसीत आहे किंवा नाही, हे पावसाआधीच पाहून ठेवावे.

डिझेलची जाळी

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस-६’ निकषांमुळे डिझेल मोटारींना काजळी अडवणारी जाळी, म्हणजेच ‘डीपीएफ’, बसवली जाते. साचलेली काजळी सुमारे ६०० अंश तापमानाला जळून जाते. मात्र तेवढी उष्णता निर्माण होण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगाने धावावी लागते. घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीला ही संधी मिळत नाही. जाळी तुंबते, इशारा लागतो आणि दुर्लक्ष केल्यास हजारोंचा खर्च येतो. पंधरवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास सलग फेरी मारणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उंदीर, मीठ आणि धूळ

बागेतल्या घरी उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर हमखास घर करतात व वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे. गाडीत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. समुद्रकाठी जाऊन आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. हवा न खेळणारे प्लास्टिकचे आवरण घालू नये, कारण ओल त्याखालीच कोंडते. तांबड्या धुळीमुळे एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच बदलावे लागतात. एसीला कुबट वास येत असेल, तर मुक्कामाला पोहोचण्यापूर्वी काही मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. आतील ओल सुकते.

गॅरेज कोणते?

अधिकृत सेवाकेंद्र गाठायचे तर बहुतेकांना घाट चढून कोल्हापूरकडे किंवा पुण्याकडे जावे लागते. त्यामुळे लहान कामांसाठी जवळचा जाणकार मेकॅनिक हवाच. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली नसल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेले. स्कॅनरवरचा क्रमांक पाहून लगेच भाग बदलणाऱ्यापासून मात्र सावध राहावे. तो क्रमांक लक्षण सांगतो, रोग नव्हे.

दिव्यांची भाषाही शिकून घ्यावी. पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासा. लाल दिवा, विशेषतः ऑइलच्या दाबाचा वा तापमानाचा, म्हणजे सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. अशा वेळी ‘गॅरेजपर्यंत तर जाऊ’ हा विचार फार महागात पडतो. अनेक आलिशान गाड्यांत पूर्ण आकाराचे जादा चाक नसते. रन-फ्लॅट टायरवर हवा गेल्यानंतरही साधारण ८० किलोमीटर, तेही ताशी ८० च्या आत जाता येते. रत्नागिरीहून कोल्हापूर याहून कितीतरी लांब आहे, हा हिशेब निघण्यापूर्वीच केलेला बरा.