वळचणीचं पाणी आढ्याला जातं तेव्हा... बर्फाळ भागात छपराखाली कोणता थर टाकतात?

जानेवारी आला की अमेरिका-कॅनडातल्या नातेवाईकांचे फोटो फॅमिली ग्रुपवर पडायला लागतात. उतरत्या छपरावर पांढराशुभ्र बर्फ आणि वळचणीला लटकणारे काचेसारखे सुळके. खाली लगेच हार्टचा पाऊस.

पण मिनेसोटातल्या एखाद्या छप्परवाल्याला हाच फोटो दाखवला, तर तो आधी विचारेल, "आत सीलिंगला ओल आलीये का?"

कारण हे सुळके अनेकदा धोक्याची सूचना असतात.

पाणी उलटं कसं चढतं?

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपल्याकडे म्हणतात. बर्फाळ भागात मात्र ते वरच्या दिशेने सरकतं.

घरात हीटर चालू असतो. त्याची ऊब फटींमधून माळ्यावर जाते आणि छप्पर आतून तापतं. वरच्या बर्फाचा खालचा थर वितळतो आणि पाणी उतारावरून खाली येतं. वळचण मात्र भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली उबदार खोली नसते. तिथे पोचलेलं पाणी पुन्हा गोठतं. असं होत होत कडेला बर्फाचा बांध तयार होतो. याला तिकडे 'आइस डॅम' म्हणतात.

बांध झाला की मागे पाणी तुंबतं. छपरावरच्या डांबरी शिंगल्स एकमेकींवर चढवून बसवलेल्या असतात, अगदी कौलांसारख्या. वरून वाहणारं पाणी त्या खाली सोडतात. तुंबलेलं पाणी मात्र त्यांच्या खालून वर घुसतं. तिथून लाकडी फळ्या, मग भिंत आणि सीलिंग.

या पाण्याला अडवणारा शेवटचा थर म्हणजे 'अंडरलेमेंट'. शिंगल्स आणि फळ्या यांच्यामध्ये अंथरलेला कागद किंवा पडदा म्हणा ना.

पर्याय तीन, कामं वेगवेगळी

पहिला, डांबरी फेल्ट. जुना आणि स्वस्त. १५ आणि ३० नंबरचा मिळतो, ३० नंबरचा जाड. पण ओला झाला की सुरकुततो आणि वाऱ्यात फाटतो.

दुसरा, सिंथेटिक. पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकचा. हलका आणि फेल्टपेक्षा बराच मजबूत. पण खिळा ठोकला की पडलेलं भोक तो स्वतः बंद करत नाही. त्यामुळे तुंबलेल्या पाण्यापुढे एकट्या सिंथेटिकवर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरा, चिकट पडदा. बोलीभाषेत 'आइस अँड वॉटर शील्ड'. रबरासारख्या डांबराचा हा थर थेट फळ्यांना चिकटतो आणि खिळ्याभोवती घट्ट बसतो. तुंबलेल्या पाण्यासाठी बनवलेला पर्याय हाच.

मग सगळ्या छपरावर चिकट पडदाच का नको?

एक तर तो महाग. दुसरं म्हणजे त्यातून वाफही आरपार जात नाही. माळ्यावर हवा खेळती नसेल, तर घरातली दमट हवा फळ्यांपाशी अडकते आणि लाकूड आतून कुजू शकतं.

म्हणून नेहमीची पद्धत अशी : वळचणीला, दोन उतार मिळतात त्या खोबणीत आणि चिमणी व स्कायलाइटभोवती चिकट पडदा, बाकी छपरावर सिंथेटिक किंवा फेल्ट. वरून पत्रा बसवायचा असेल तर जास्त उष्णता सोसणारा चिकट पडदा लागतो, कारण उन्हाळ्यात पत्रा भयंकर तापतो.

इंचांचा हिशोब

अमेरिकेत बहुतेक राज्यांचे घरबांधणीचे नियम 'इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड' या नमुना नियमावलीवर आधारलेले आहेत. ती सांगते, की जिथे असा बर्फ साचतो तिथे हे संरक्षण छपराच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या किमान २४ इंच आतपर्यंत हवं.

इथेच अनेकांची गफलत होते. समजा वळचण भिंतीबाहेर १८ इंच आहे. १८ आणि २४ मिळून झाले ४२ इंच, उतारावर मोजले तर आणखी जास्त. रोल साधारण ३६ इंच रुंद असतो. म्हणजे एका पट्टीत काम भागत नाही, दोन लागतात. कोटेशनमध्ये 'शील्ड टाकू' एवढंच लिहिलं असेल, तर किती पट्ट्या, हे विचारून घ्यावं.

वेळही महत्त्वाची. बऱ्याच चिकट पडद्यांना साधारण ४ अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, नाहीतर ते नीट चिकटत नाहीत. त्यामुळे हे काम थंडीच्या आधी उरकावं लागतं.

खरं दुखणं माळ्यावर

चिकट पडदा पाणी अडवतो, पण बांध होणं थांबवत नाही. त्यासाठी सीलिंगमधल्या दिव्यांभोवतीच्या, पाइपांच्या आणि माळ्याच्या झाकणाच्या फटी बुजवाव्या लागतात, वर पुरेसं इन्सुलेशन घालावं लागतं आणि वळचणीतून आत येऊन आढ्यातून बाहेर जाणारी हवा खेळती ठेवावी लागते. छप्पर थंड राहिलं, तर त्यावरचा बर्फ असा खालून वितळत नाही.

अंडरलेमेंट बदलायचं तर वरच्या शिंगल्स उखडाव्या लागतात, आणि ती वेळ अनेक वर्षांतून एकदाच येते. त्या दिवशी वाचवलेली एक पट्टी पुढचे कित्येक हिवाळे सीलिंगवर डाग बनून दिसू शकते.

तेव्हा पुढच्या जानेवारीत ग्रुपवर सुळक्यांचा फोटो आला, तर हार्ट जरूर टाका. सोबत एवढंही विचारा, "माळ्यावर एकदा बघून आलात का?"