ओठ विळीनं फाटत नाही

मैत्रिणींनो, आमच्या डाळजकडं बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला की आईलाच विचारतात, "ग्रहणात विळी धरलीस का गं?" बापाला कुणी काही विचारत नाही!

गर्भाचा चेहरा दोन्हीकडून वाढत येऊन मध्ये जुळतो. वरचा ओठ गर्भ राहिल्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत, टाळू साधारण नवव्यापर्यंत. जुळणी अर्धवट राहिली की फट राहते. तोवर पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. आनुवंशिकता, धूम्रपान, काही औषधं अशी कारणं असतात. बऱ्याचदा एकच कारण सापडत नाही. विळीचा संबंध नाही.

टाळूला फट असली की बाळाला दूध ओढता येत नाही, नाकातून येतं. बाळाला उभट धरून वाटी-चमच्यानं आईचंच दूध पाजा. ओठाचं ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांत होतं, टाळूचं वर्षाच्या आसपास. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ते मोफत आहे. आशाताईंना आजच सांगा.