एका ठरावाचा प्रवास : आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग संघटनेचे कार्य

वैद्यकशास्त्राच्या प्रत्येक शाखेतील तज्ज्ञांची एखादी आंतरराष्ट्रीय संघटना असते. ठरावीक काळाने तिचे अधिवेशन भरते, निबंध वाचले जातात, पदाधिकारी निवडले जातात आणि शेवटी काही ठराव संमत होतात. वृत्तपत्रांत त्याची चार ओळींची बातमी येते. अशा ठरावांचा सामान्य माणसाच्या जीवनाशी संबंध तो काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग संघटनेचा इतिहास या प्रश्नाचे बोलके उत्तर देतो. या क्षेत्रातील तज्ज्ञांच्या एका ठरावामुळे असंख्य रुग्णांना घरदार सोडावे लागले. पुढे दुसऱ्या ठरावाने त्यांच्या परतीची वाट मोकळी करण्याचा प्रयत्न केला. या दोन ठरावांत ६१ वर्षांचे अंतर आहे.

बर्लिन येथील निर्णय

नॉर्वेमधील बर्गेन या शहरी डॉ. आर्मावर हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. हा रोग आनुवंशिक नाही, पूर्वजन्मीच्या पापाचे फळ तर नाहीच नाही, तो एका सूक्ष्म जंतूमुळे होतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले. परंतु जंतू सापडला तरी त्यावर औषध नव्हते. १८९७ मध्ये बर्लिन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद भरली, तेव्हा नॉर्वेचे उदाहरण समोर ठेवून रुग्णांच्या अलगीकरणाचा पुरस्कार करण्यात आला.

त्या काळातील ज्ञानाच्या मर्यादा लक्षात घेता हा निर्णय समजण्याजोगा होता. मात्र अनेक देशांतील शासनसंस्थांनी त्याचा आधार घेऊन कठोर कायदे केले. भारतातही १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा झाला. तत्पूर्वी १८९०-९१ मध्ये भारतात पाहणी करणाऱ्या आयोगाने सक्तीच्या अलगीकरणाची आवश्यकता नाही, असे मत दिले होते. तरीही निराधार व भिक्षा मागणाऱ्या रुग्णांना पकडून आश्रमात ठेवण्याची आणि रुग्णांना काही व्यवसाय करण्यास मनाई करण्याची तरतूद या कायद्यात करण्यात आली.

संघटनेची स्थापना व रचना

पहिल्या परिषदेनंतर १९०९ मध्ये बर्गेन येथे आणि १९२३ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे परिषदा झाल्या. परंतु दोन परिषदांच्या मधल्या काळात काम चालू ठेवणारी कायम स्वरूपाची यंत्रणा नव्हती. ही उणीव १९३१ मध्ये दूर झाली. फिलिपाइन्सची राजधानी मनिला येथे जमलेल्या तज्ज्ञांनी आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग संघटना स्थापन केली. डॉ. व्हिक्टर हायझर हे तिचे पहिले अध्यक्ष होत.

या संघटनेचे स्वरूप शासकीय नाही. निरनिराळ्या देशांतील कुष्ठतज्ज्ञ, संशोधक व क्षेत्रीय कार्यकर्ते स्वेच्छेने तिचे सभासद होतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि अन्य सदस्य यांचे मंडळ कारभार पाहते. वर्षानुवर्षे चालणारी कामे साधी आहेत : सभासदांशी संपर्क ठेवणे, नव्या संशोधनाची माहिती पोहोचविणे आणि पुढील परिषदेची सिद्धता करणे.

माहिती पोहोचविण्याचे प्रमुख साधन म्हणजे संघटनेचे त्रैमासिक. १९३३ मध्ये सुरू झालेले हे नियतकालिक २००५ पर्यंत प्रकाशित होत होते. त्याचे पहिले संपादक डॉ. एच. डब्ल्यू. वेड हे फिलिपाइन्समधील क्युलियन बेटावरील कुष्ठवसाहतीत काम करीत आणि सुमारे तीन दशके त्यांनी संपादनाची धुरा वाहिली. जगापासून तोडलेल्या रुग्णांच्या बेटावर राहणाऱ्या डॉक्टरने जगभरच्या डॉक्टरांना एकत्र बांधून ठेवावे, ही घटना लक्षणीय आहे.

परिषदांची परंपरा

संघटनेच्या कार्याचा कणा म्हणजे तिची परिषद. दुसऱ्या महायुद्धामुळे १९३८ च्या कैरो परिषदेनंतर दहा वर्षांचा खंड पडला. त्यानंतर १९४८ मध्ये हवाना, १९५३ मध्ये माद्रिद, १९५८ मध्ये टोकियो, १९६३ मध्ये रिओ द जानेरो, १९६८ मध्ये लंडन, १९७३ मध्ये बर्गेन आणि १९७८ मध्ये मेक्सिको सिटी अशा दर पाच वर्षांनी परिषदा भरल्या. १९८४ मध्ये नवी दिल्लीला हा मान मिळाला, तर हैदराबाद येथे २००८ व २०२२ अशा दोन परिषदा झाल्या. २०१३ च्या ब्रुसेल्स परिषदेनंतर हे अंतर तीन वर्षांचे झाले असून २०२५ ची परिषद इंडोनेशियातील बाली येथे पार पडली.

परिषदेत रोगाचे वर्गीकरण, उपचार, प्रसार व नियंत्रण, सामाजिक बाजू अशा विषयांवर तज्ज्ञांच्या समित्या विचारविनिमय करतात व आपले अहवाल सभागृहापुढे ठेवतात. माद्रिद परिषदेत संमत झालेले रोगाचे वर्गीकरण दीर्घकाळ जगभर वापरले गेले. एका देशातील डॉक्टरची नोंद दुसऱ्या देशातील डॉक्टरला कळावी, यासाठी अशा समान परिभाषेची नितांत गरज असते.

हवाना परिषदेचा एक निर्णय वरकरणी लहान, परंतु दूरगामी होता. रुग्णाला उद्देशून वापरला जाणारा ‘लेपर’ हा इंग्रजी शब्द टाकून द्यावा, अशी शिफारस १९४८ मध्ये करण्यात आली. रोगाच्या नावाने माणसाची ओळख ठरू नये, हा त्यामागील विचार होय. मराठीतही ‘महारोगी’ हा शब्द मागे पडून ‘कुष्ठरुग्ण’ हा शब्द रूढ होत गेला, तो याच विचाराला अनुसरून.

टोकियोचा ठराव आणि जपानचा धडा

१९४० च्या दशकात सल्फोन वर्गातील औषधे उपलब्ध झाली आणि चित्र पालटले. रोग औषधाने आटोक्यात येतो म्हटल्यावर अलगीकरणाचे मूळ कारणच उरले नाही. १९५८ च्या टोकियो परिषदेने ज्या देशांत सक्तीचे अलगीकरण चालू आहे तेथील सरकारांनी ते सोडून द्यावे, अशी आग्रही शिफारस केली. बर्लिन येथे ज्या धोरणाचा पुरस्कार झाला होता, ते त्याच परंपरेतील परिषदेने मोडीत काढले. नवे ज्ञान येताच जुना निर्णय बदलण्याची ही तयारी कोणत्याही विद्वत्संस्थेचे खरे भूषण मानावयास हवे.

परंतु ज्या देशाच्या राजधानीत हा ठराव झाला, त्याच जपानने १९५३ चा अलगीकरणाचा कायदा तसाच चालू ठेवला. तो १९९६ मध्ये रद्द झाला. २००१ मध्ये कुमामोतो येथील जिल्हा न्यायालयाने या प्रदीर्घ अलगीकरणाबद्दल शासनास जबाबदार धरले आणि शासनाने त्या निर्णयाविरुद्ध अपील केले नाही. ठराव आणि कायदा यांच्यामध्ये गेलेल्या ३८ वर्षांत माणसांची अख्खी आयुष्ये कुंपणाआड सरली.

याबाबतीत आपल्यालाही समाधान मानता येणार नाही. भारतातील १८९८ चा कायदा विधिग्रंथातून कायमचा पुसला गेला तो २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी २०१९ मध्ये रद्द झाल्या. पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवावे असे एक उदाहरण ओडिशातील आहे. तेथील एका नगरपालिका सदस्याचे पद कुष्ठरोगाच्या कारणावरून गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित तरतूद वैध ठरविली. मात्र अशा तरतुदींची आता आवश्यकता आहे काय, याचा विधिमंडळाने विचार करावा, असेही सूचित केले. रोग बरा होऊ लागून कितीतरी वर्षे लोटल्यानंतरची ही घटना आहे.

महाराष्ट्राचा वाटा

जागतिक विचाराला प्रत्यक्ष कार्याची जोड देण्यात महाराष्ट्र अग्रेसर राहिला. मुंबईत वडाळा येथे १८९० मध्ये ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय उभे राहिले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी, अमरावती येथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी आणि वरोऱ्याजवळ आनंदवन येथे बाबा आमटे यांनी रुग्णांना सन्मानाचे जीवन मिळवून दिले. वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री पद्धती विकसित केली. रुग्णाला आश्रमात आणण्याऐवजी कार्यकर्त्याने त्याच्या गावी जावे, हे तिचे सूत्र होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यानंतर ही पद्धती भारतात प्रथम ज्या जिल्ह्यांत राबविण्यात आली, त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता.

ठरावापासून गावापर्यंत

आंतरराष्ट्रीय संघटनेजवळ सत्ता नाही, तसेच कायदा करण्याचा अधिकारही नाही. तिचे बळ पुराव्यात आणि सभासदांच्या एकमतात आहे. तो पुरावा अंमलात आणणे हे शासनाचे, आणि गावपातळीवर शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांचे काम आहे. अलीकडे या कामात ज्यांचा आवाज पूर्वी ऐकला जात नसे, तेही सहभागी होत आहेत. २०१९ मध्ये मनिला आणि २०२२ मध्ये हैदराबाद येथे परिषदेच्या सुमारास कुष्ठरोगातून गेलेल्या व्यक्तींच्या संघटनांचा स्वतंत्र मेळावाही भरला.

काम अद्याप संपलेले नाही. राष्ट्रीय पातळीवर दर १० हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने २००५ अखेर गाठले. तथापि, जगात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आजही भारतातील असतात. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. उपचार मोफत असून ते रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांचे असतात. उपचार सुरू झाल्यानंतर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच नाहीसा होतो. म्हणून त्याला घरापासून, शाळेपासून वा कामापासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

महात्मा गांधींच्या पुण्यतिथीस, ३० जानेवारी रोजी, ‘स्पर्श’ अभियानांतर्गत ग्रामसभांत प्रतिज्ञा घेतली जाते. ही प्रतिज्ञा वाचून झाल्यावर गावातील एखादा उपचार घेतलेला रुग्ण सभेत इतरांच्या शेजारी बसला आहे काय, एवढे सरपंचांनी व शिक्षकांनी अवश्य पाहावे. टोकियोच्या ठरावाची अंमलबजावणी किती झाली, हे त्यावरून कळेल.