'ऑडिओ' म्हणजे 'मी ऐकतो'

सकाळचा चहा उकळेपर्यंत आमची लेक मोबाईलवर वर्डल खेळून घेते. जॉश वॉर्डल यांनी तयार केलेला हा खेळ २०२१ च्या अखेरीस लोकांपुढे आला आणि जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकतही घेतला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर योग्य जागी पडले तर हिरवे, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळे, नाहीच तर करडे. लेकीचा पहिला शब्द ठरलेला असतो : 'ऑडिओ'. ए, यू, डी, आय, ओ. पाचांत चार स्वर! जाणकार म्हणतात, सुरुवातीला स्वरांपेक्षा आर, एस, टी यांसारखी व्यंजने तपासावीत, त्यांनी शब्द लवकर सापडतो. पण ती सवय सोडत नाही.

मला मात्र खेळापेक्षा शब्दच जास्त आवडला. लॅटिनमध्ये 'ऑडिओ' हे एक पूर्ण वाक्य आहे : 'मी ऐकतो' किंवा 'मी ऐकते'. शेवटच्या 'ओ'मध्येच 'मी' आला. आपण 'येईन' म्हणतो तेव्हा 'मी' वेगळा सांगावा लागत नाही, तसेच. 'व्हिडिओ' म्हणजे 'मी पाहतो' आणि 'व्हेटो' म्हणजे 'मी मनाई करतो'. ऐकणारे ते ऑडियन्स, ऐकण्याची जागा ते ऑडिटोरियम. इंग्रजीतला 'ओबे', म्हणजे आज्ञा पाळणे, हाही याच धातूवरून फ्रेंचमार्गे आला. यात आपल्याला नवल वाटायला नको. 'पोरगं ऐकत नाही' असे म्हणताना आपण काही त्याचे कान तपासायला नेत नाही!

कानांवरून आमच्या अब्बांची गोष्ट सांगते. दोन वर्षांपासून त्यांना नीट ऐकू येत नाही. कानाचे यंत्र आणले, पण त्यात सगळ्या घराचा गोंगाट एकदम घुसतो म्हणून ते कपाटातच पडून असते. सुरुवातीला आम्ही मोठ्याने बोलायचो. मग तेच वाक्य तीनदा सांगण्याचा कंटाळा येऊ लागला आणि 'काही नाही, असंच' म्हणून टाळू लागलो. दस्तरखानावर सगळे हसायचे, तेव्हा अब्बाही हसायचे, पण थोडे उशिरा. पुढे पुढे ते लवकर जेवून खोलीत जाऊ लागले.

लेकीनेच एका सुटीत स्क्रॅबलचा पट खाली काढला. हा जुना खेळ. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने मंदीच्या काळात, हाताला काम नसताना तो रचला. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून ठरवले. इंग्रजी संचातल्या १०० सोंगट्यांपैकी ४२ स्वरांच्या असतात, त्यामुळे कधी कधी हातात नुसते स्वरच येतात आणि माणूस अडकतो. शिवाय या खेळात बोलावे लागत नाही. शब्द पटावर मांडायचा आणि गुण वहीत लिहायचे.

त्या दिवशी पहिली खेळी अब्बांची होती. सातपैकी पाच सोंगट्या स्वरांच्या. बराच वेळ चष्मा वरखाली करून त्यांनी मधल्या ताऱ्यापासून उजवीकडे एकेक सोंगटी ठेवली : ए, यू, डी, आय, ओ. एरवी हा शब्द सहा गुणांचा. पण शेवटचा 'ओ' दुप्पट अक्षराच्या घरात पडला म्हणून सात, आणि ताऱ्यामुळे शब्द दुप्पट झाला म्हणून चौदा. लेक टाळ्या वाजवत सुटली. तिने वहीच्या कोपऱ्यात लिहिले : 'नाना, याचा अर्थ मी ऐकतो.' अब्बांनी ते दोनदा वाचले आणि माझ्याकडे पाहिले.

अब्बांची नोकरी बँकेच्या हिशेब विभागात झाली. दरवर्षी ऑडिटर यायचे तेव्हा रात्री घरी यायला उशीर व्हायचा. म्हणून मीही वही ओढून लिहिले की 'ऑडिट'ही यातलाच शब्द. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि तपासणारा ते ऐकत असे, ऑडिटर म्हणजे ऐकणारा.

अब्बा इतके हसले की पट हलला. म्हणाले, "मग मला नेमायला हवं होतं. सगळ्यांचे हिशेब बरोबर निघाले असते!"

या वेळी उशिरा हसलो ते आम्ही. तोवर त्यांनी पाच नव्या सोंगट्या उचलल्या होत्या आणि वहीवर बोट ठेवून विचारत होते, चौदा लिहिलेस ना?