पायांच्या आधी मूत्राशय

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला काय परत हवे असते? ‘चालणे’, असे आपण धडधाकट माणसे चटकन सांगून टाकतो. स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या अमेरिकी संशोधिका किम अँडरसन यांनी अशा 681 जणांनाच विचारले. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हातांची हालचाल, लैंगिक क्षमता, लघवी-शौचावरचा ताबा या गोष्टी अनेकांनी चालण्याच्या वर ठेवल्या होत्या.

मूत्राशय भरले की निरोप कण्यातून मेंदूकडे जातो. सोयीची वेळ आली की मेंदूच्या बुंध्यातले केंद्र दोन हुकूम एकदम सोडते : मूत्राशयाने आकुंचन पावावे आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या स्नायूने सैल व्हावे. मज्जारज्जू वर कुठे दुखावला की हा मेळ मोडतो. मूत्राशय ढकलत असते आणि नेमके त्याच वेळी दार आवळले जाते. कोंडलेला दाब मग उलटा मूत्रपिंडांवर चढतो. एके काळी हे रुग्ण बहुधा मूत्रपिंडे निकामी होऊनच दगावत. रुग्णाने दिवसातून काही वेळा स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामे करावे. नळी स्वच्छ असली की पुरे, निर्जंतुकच हवी असा हट्ट नको, हे 1972 मध्ये जॅक लॅपिडीस यांनी मांडले. इतका साधा, इतका उपकारक उपाय विरळाच. पण प्रवासात, कचेरीत, लग्नघरात रोज पाच-सहा वेळा तो करून पाहावा!

इंग्लंडच्या जाइल्स ब्रिंडली यांनी मज्जातंतूंच्या मुळांवर विद्युत-उत्तेजक बसवून लघवी करवून दाखवली. मात्र त्यासाठी सहसा संवेदना नेणारी मुळे कापावी लागत, आणि पुरुषांची उरलीसुरली लैंगिक प्रतिक्रियाही त्याबरोबर जाई.

म्हणून कापाकापीविना होणाऱ्या प्रयोगांचे मोल. इजेच्या खाली, कण्याच्या तळाशी असलेले मूत्राशयाचे केंद्र अनेकदा जिवंतच असते. तुटलेला असतो तो वरचा संपर्क. लॉस एंजेलिसमध्ये डॅनियल लू यांच्या गटाने पाच पुरुषांच्या कमरेवर चुंबकीय वेटोळे धरले. बदलते चुंबकीय क्षेत्र हाडातून पार होते आणि आतल्या मज्जातंतूंत क्षीण प्रवाह जागवते. आठवड्याला फक्त 15 मिनिटे. 2018 मध्ये निष्कर्ष आले : एकाची नळी सुटली, उरलेल्या चौघांना ती दिवसातून निदान एकदा लागे, पण पूर्वी सरासरी सहाहून अधिक वेळा लागत होती.

पाच माणसे म्हणजे फार थोडी, त्यांत स्त्री एकही नाही, आणि उपचार थांबल्यावर परिणाम काही आठवड्यांत ओसरतो. शिवाय लघवी बाहेर आली एवढ्याने भागत नाही. ती किती दाबाखाली आली, हे मोजल्याशिवाय नळी टाकून देता येत नाही. मूत्रपिंडांचा घात करतो तो हाच दाब.